धावायचं की थांबायचं, हे घर ठरवतं

आईला कोयनेचा भूकंप चांगला आठवतो. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं. ती नुकतीच लग्न होऊन गोव्यात, डिचोलीतल्या या घरात आली होती. मांडणीवरची तांब्यापितळेची भांडी एकमेकांवर वाजायला लागली, गोठ्यातली गुरं दावी ओढत हंबरली आणि आढ्यावरून मातीची भुकटी अंथरुणांवर गळली. आजोबा ओरडले, "भायर सरा!" आणि घर अंधारात अंगणात आलं. कोयनानगर इथून सरळ रेषेत २०० किलोमीटरच्या आसपास. तिकडे १७५हून अधिक माणसं गेली, आमच्याकडे वळचणीची थोडी कौलं फुटली. दोन्ही एकाच धक्क्याचे परिणाम. म्हणून "गोव्यात कसला आलाय भूकंप" असं कोणी म्हणालं की मी त्यांना आईसमोर बसवतो.

मी बांधकामावर सुपरवायझर आहे. ज्या नकाशावर मी काम शिकलो, त्यात गोवा झोन ३ मध्ये आहे, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात. मध्यम म्हणजे निर्धास्त नव्हे. किल्लारी तर १९९३ साली सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात धरली जात होती. ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ रिश्टरचा धक्का बसला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, विसर्जन आटोपून दमलेली माणसं गाढ झोपलेली. हजारो गेले. धक्का जगातला फार मोठा नव्हता. दगडाच्या दोन पदरी भिंती, मधे खडी आणि माती भरलेली, आणि वर माळवदाचा मातीचा थरावर थर. भिंती फाकल्या आणि ते सगळं वजन झोपलेल्यांवर बसलं.

भूकंपात काय करावं, याचे जे संदेश फिरतात ते एका ओळीचे असतात. कोणी म्हणतं टेबलाखाली शिरा, कोणी म्हणतं बाहेर पळा. दोन्ही सांगणारे आपापल्या जागी खरे असू शकतात, कारण ते वेगवेगळ्या घरांबद्दल बोलत असतात. मला जे कळकळीनं सांगायचंय ते एवढंच: आपण ज्या खोलीत आहोत ती खोली कशाची बांधली आहे आणि दार किती पावलांवर आहे, यावरून उत्तर ठरतं. आणि ते उत्तर जमीन हलत नसताना, शांतपणे, खोलीखोलीत उभं राहून काढायचं असतं. हलायला लागल्यावर विचाराला वेळ मिळत नाही.

वेळेचा हिशोब थोडा समजून घेतला तर बरं. भूकंपाच्या लाटा दोन चालींनी येतात. पहिली लाट वेगवान पण हलकी असते; खिडकीची काच किणकिणते, एखादा दणका जाणवतो. दुसरी मागून येते आणि घर हेलकावते, नुकसान तीच करते. कोयनेइतक्या लांबचा भूकंप असेल तर दोघींमध्ये वीस-पंचवीस सेकंदांचं अंतर पडतं. केंद्र जवळ असेल तर जवळजवळ काहीच नाही. हे आपल्याला आधी कळणार नाही, म्हणून पहिला दणका आला की हालचाल सुरू करायची, "ट्रक गेला असेल" म्हणत बसायचं नाही. अँड्रॉइड फोनवर गुगलचा भूकंपाचा इशारा भारतात २०२३ पासून मिळतो. सेटिंग्जमध्ये जाऊन तो चालू आहे ना, हे आजच बघा. लांबच्या धक्क्यात ती काही सेकंदं खूप मोलाची असतात.

आता आमचं घर. चिऱ्याच्या भिंती, मातीत रचलेल्या, दीड हात जाड. वर आढं, वासे, रिपा आणि मंगलोरी कौलं. पुढे सोपा, मग माजघर, एका बाजूला देवखोली, मागे स्वयंपाकघर आणि परसू. किल्लारीच्या मानानं आमचं छप्पर हलकं आहे, ही जमेची बाजू. पण चारही भिंतींना बांधून ठेवणारा काँक्रीटचा पट्टा कुठेच नाही. असा पट्टा नसला की जमीन हलल्यावर भिंती दोरी सुटलेल्या जुडीसारख्या चार दिशांना फाकतात. सगळ्यात आधी पडते ती छपराखालची त्रिकोणी भिंत. तिला वरून कोणाचा आधार नसतो, बाजूनं कोणी धरलेलं नसतं, आणि ती उंचावरून पडते.

अशा घरात सोप्यावर बसलेल्या माणसानं बाहेर पडावं. दार समोर, अंगण समोर, वर दुसरा मजला नाही. पण दाराबाहेरची पहिली दोन-तीन पावलं घरातल्या कुठल्याही जागेपेक्षा जास्त धोक्याची आहेत, हे फारसं कोणी सांगत नाही. घर हललं की कौलं वळचणीवरून घसरतात आणि नेमकी उंबऱ्यापुढे पडतात. तिथे थांबून मागे वळून "आई, ये गे" म्हणणारा माणूस डोक्यावर कौल घेतो. म्हणून वळचण एका दमात पार करायची, हात किंवा उशी डोक्यावर धरून, आणि तुळशीवृंदावनाच्या पलीकडे जाऊन थांबायचं. आमच्या घरात ती जागा ठरलेली आहे. भिंतीच्या उंचीइतकं तरी अंतर तिथे मिळतं, माडांच्या खाली ती येत नाही आणि खांबावरून घरात येणारी विजेची तारही तिच्यावरून जात नाही. अंगणातली कुठलीही मोकळी जागा चालत नाही. वर बघून ठरवायची. गोव्यात वर बघितलं की बहुधा माड असतो आणि माडावर नारळ.

माजघरात किंवा देवखोलीत असलेल्यानं मात्र धावू नये. दोन दारं, दोन उंबरे आणि अंधार ओलांडून सोप्यावर येईपर्यंत मोठा हेलकावा सुरू झालेला असतो. त्यानं जाड फळीच्या मेजाखाली नाहीतर उंच, भक्कम पलंगाखाली शिरावं. दाराच्या चौकटीत उभं राहावं, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. आमच्या चौकटी चांगल्या जाड लाकडाच्या आहेत, तरी मी ते कोणाला सांगणार नाही. चौकटीवर चिऱ्यांचे थर रचलेले असतात, दाराची फळी आपटत राहते, आणि हलत्या जमिनीवर माणूस उभाच राहू शकत नाही.

आईचा प्रश्न निराळा होता. तिचे दोन्ही गुडघे गेलेत. ती म्हणाली, "मला उठायलाच दोन मिनिटं लागतात, मी कसली मेजाखाली जाते?" मी म्हटलं, "मग उठायचंच नाही. तू उठेपर्यंत ते थांबलेलं असेल." बहुतेक धक्के मिनिटभराच्या आतच ओसरतात. ज्याला वाकता येत नाही, त्यानं आहे तिथेच राहावं. पलंगावर असेल तर पालथं पडून उशी मानेवर आणि डोक्यावर दाबून धरावी. खुर्चीत असेल तर पुढे झुकून दोन्ही हात मानेमागे घ्यावे. वॉकर किंवा चाकाची खुर्ची असेल तर आधी चाकांचा ब्रेक लावावा. मग मुख्य काम उरतं ते पलंगाच्या जागेचं. आईचा पलंग आम्ही त्रिकोणी भिंतीखालून हलवून सोप्याला लागून असलेल्या खोलीत, आतल्या भिंतीपाशी आणला. वर फोटो नाही, घड्याळ नाही, फळीवर डबे नाहीत. पायथ्याला चपला आणि टॉर्च. चपलांचं महत्त्व कमी समजू नका. रात्रीच्या भूकंपात कितीतरी माणसांचे पाय अंधारात काचांवर आणि खापरांवर कापतात, आणि कापलेल्या पायानं कोणालाच मदत करता येत नाही.

बहिणीचं घर पर्वरीला, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. तिथे हे सगळं उलटं होतं. तिसऱ्या मजल्यावरून खाली पळणं म्हणजे जिन्यात सापडणं. जिना इमारतीपेक्षा वेगळा हलतो, अंधारात गर्दी होते, पडलेला माणूस मागच्यांच्या पायाखाली येतो. आणि खाली पोचलेल्याच्या डोक्यावर कठड्याचे तुकडे, काचा, एसीचे डबे पडतात. लिफ्टचं नावही काढायचं नाही. काँक्रीटच्या सांगाड्याच्या घरात आहे तिथेच खाली बसायचं, भक्कम टेबलाखाली शिरायचं आणि टेबल धरून ठेवायचं.

यातलं "धरून ठेवायचं" लोकांच्या कानावरून जातं. माझा भाचा सातवीत आहे, शाळेत त्यानं हे केलंय. मी त्याला सांगितलं, दाखव. तो त्याच्या अभ्यासाच्या सागवानी टेबलाखाली गेला, दोन्ही हात डोक्यावर घेऊन गप्प बसला. मी टेबलाचा एक पाय धरून जोरात ओढला. टेबल हातभर सरकलं आणि पोरगा उघड्यावर. "मामा, हे चीटिंग!" म्हणाला. मी म्हटलं, "भूकंप असंच करणार आहे." मग त्यानं एका हातानं टेबलाचा पाय गच्च धरला, दुसरा हात मानेवर ठेवला. मी ओढलं तसा तो टेबलाबरोबर गुडघ्यांवर सरकत राहिला, पण बाहेर आला नाही. ही गोष्ट कुठल्याही पत्रकातल्या चित्रापेक्षा चांगली कळते. घरात मुलं असतील तर एकदा ओढून बघाच.

बहिणीचं जेवणाचं टेबल काचेचं आहे, त्याखाली जायचं नाही हे तिथेच ठरलं. स्वयंपाकघरात असली तर गॅस बंद करून ओट्यापासून लांब व्हायचं; हात पोचत नसेल आणि जमीन जोरात हलत असेल तर गॅस सोडून द्यायचा, हलणं थांबल्यावर पहिलं काम तेच करायचं. झोपण्याच्या खोलीत कपाट बिछान्यावर आडवं पडू शकत होतं. ते वरच्या बाजूनं एल अँगल लावून, भिंतीत फिशर ठोकून आवळलं. माळ्यावरचे जड टोप खाली आले. इतकं करायला एक रविवार पुरतो आणि खर्च अगदी किरकोळ.

तिची इमारत खाली पार्किंगच्या खांबांवर उभी आहे, वर भिंतींनी भरलेले मजले. २६ जानेवारी २००१ ला सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा तिथून २०० किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत अशाच इमारती बसल्या. वरचे मजले ताठ, खालचा मजला लवचिक, सगळा पीळ खालच्या खांबांवर येतो. अशी प्रत्येक इमारत पडते असं नाही. खांबांत उभ्या सळ्यांना आवळणाऱ्या रिंगा जवळजवळ असतील आणि त्यांचे आकडे १३५ अंशांत आत वळवलेले असतील तर खांब वाकून उभा राहतो. आकडे ९० अंशांतच सोडले तर जोर आल्यावर रिंग उघडते आणि खांबातलं काँक्रीट फुटून बाहेर येतं. साइटवर मी सळीकाम करणाऱ्यांशी सगळ्यात जास्त वाद याच एका गोष्टीवरून घालतो, आणि घालत राहणार. फ्लॅट घेणाऱ्यांनी टाइल्सचा रंग विचारायच्या आधी बिल्डरला स्ट्रक्चरल इंजिनिअरचे नकाशे मागावेत. सोसायटी झालेली असेल तर पार्किंगच्या खांबांना जॅकेटिंग करून, म्हणजे भोवती सळ्या आणि काँक्रीटचं नवं आवरण चढवून, बळकटी आणता येते.

एक संदेश वर्षानुवर्षं फिरतोय: टेबलाखाली जाऊ नका, टेबलाच्या शेजारी आडवे व्हा, तिथे त्रिकोणी पोकळी तयार होते. माझ्या साइटवरच्या माणसांनीही तो मला पाठवलाय. तो मानू नका. छत पूर्ण बसल्याखेरीज ती पोकळी तयार होत नाही, आणि बऱ्याच भूकंपांत बरीचशी घरं बसत नाहीत. माणसं जखमी होतात ती पडणाऱ्या, उडणाऱ्या वस्तूंनी. शेजारी आडवा पडलेला माणूस त्या सगळ्यांसमोर उघडा राहतो. अमुक दिवशी अमुक वाजता भूकंप होणार असं सांगणारा संदेशही तसाच पुसून टाकावा. तारीख-वेळ सांगणारं शास्त्र अजून कोणापाशी नाही.

गर्दीबद्दल बोलताना आमच्या तालुक्यातल्या माणसाला शिरगाव आठवणारच. मे २०२५ मध्ये लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली आणि माणसं गेली, तेही जमीन हललेली नसताना. देवळाच्या सभामंडपात, नाटकाच्या हॉलमध्ये किंवा शाळेत असताना धक्का आला तर दाराकडे लोंढा वळवायचा नाही. दोन खुर्च्यांच्या रांगांमध्ये खाली बसायचं, डोकं झाकायचं, हलणं थांबलं की रांगेनं निघायचं. जत्रेच्या स्वयंसेवकांना आणि शिक्षकांना मोठ्यानं "बसा!" एवढा एक शब्द ओरडायची सवय हवी. बाकी सूचना घाबरलेल्या माणसाला ऐकू येत नाहीत.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी थोडंसं. मोरजी, हरमलला असाल आणि जोरदार किंवा बराच वेळ हलत राहिलं, तर थांबल्याबरोबर उंचावर जा, समुद्र मागे हटलेला बघायला थांबू नका. १९४५ च्या नोव्हेंबरमध्ये मकरान किनाऱ्याजवळच्या भूकंपानं उठलेली त्सुनामी मुंबईपर्यंत आली होती. इतक्या दूरच्या भूकंपाचा धक्का इथे जाणवेलच असं नाही. तिथे हैदराबादच्या त्सुनामी इशारा केंद्राचा इशारा कामी येतो, तो आला की वाद न घालता निघायचं.

गाडी चालवत असाल तर हळूहळू कडेला घ्या, पुलावर किंवा पुलाखाली थांबू नका, हँडब्रेक ओढून आतच बसा.

थांबल्यावर लोक एक मोठा श्वास घेतात आणि लगेच घरात शिरतात, मोबाइल आणायला, देव आणायला. नंतरचे धक्के येतातच, आणि पहिल्या धक्क्यानं खिळखिळी झालेली भिंत दुसऱ्या, लहान धक्क्यात पडते. चिऱ्याच्या घराच्या कोपऱ्यात उभी भेग दिसली, भिंत पोटाकडून फुगलेली दिसली, तर ते घर कोणी जाणकारानं बघेपर्यंत बंद. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, विजेचा मेन स्विच बंद. वास आला तर काडी नाही, बटणही नाही. फोन लावत बसण्यापेक्षा एसएमएस पाठवा, तो लवकर जातो. खरी गरज असेल तरच ११२. ढिगाऱ्याखाली सापडलेल्यानं सतत ओरडू नये, तोंडात धूळ जाते आणि ताकद संपते. तोंडावर कापड धरून पाइपावर किंवा भिंतीवर ठोकत राहावं. आईच्या टॉर्चला म्हणूनच मी एक शिटी बांधून ठेवली आहे.

चवथ जवळ आली की आणखी एक गोष्ट बघायची असते, ती आमच्याकडेच आहे: माटोळी. गणपतीच्या वर लाकडी चौकट, तिला असोले नारळ, सुपारीचे घड, मावळिंगं, तोरंजन, केळीचा घड, कांगलांचे तुरे. सगळं मिळून वजन भरपूर, आणि खाली आरतीला घरभरचे लोक, पोरंटोरं पुढे. आमच्या वाशांना जुने लोखंडी आकडे आहेत. मी शिडीवर चढून प्रत्येक आकडा हातानं पिळून बघतो, गंजानं बारीक झालेला असेल तर बदलतो, आणि सुंभाच्या दोरीखेरीज चारही कोपऱ्यांना तारेचा एक सैल फास घेतो. दोरी तुटली तरी चौकट फासावर राहते. नारळ चौकटीच्या बाजूंना बांधतो, मधे फक्त हलकी पानं-फुलं. माटोळीची शोभा यानं तसूभर कमी होत नाही.

आमच्या वाड्यावर आता नवी चाल आलीय. कौलांची डागडुजी दरवर्षी नको म्हणून छप्पर उतरवायचं आणि त्याच जुन्या, मातीत रचलेल्या चिऱ्याच्या भिंतींवर स्लॅब टाकायचा. पावसाचा त्रास संपतो हे खरं. पण ज्या भिंतींनी साठ-सत्तर वर्षं हलकी कौलं पेलली, त्यांच्या डोक्यावर एकदम टनावारी वजन येतं आणि बांधून ठेवणारा पट्टा तरीही नसतो. अशक्त भिंत आणि जड छप्पर, हेच तर किल्लारीत होतं. स्लॅब हवाच असेल तर पायापासून आरसीसीचे खांब उभे करावेत, भिंत नुसती भरीला. नाहीतर लिंटलच्या, म्हणजे दार-खिडक्यांच्या माथ्याच्या, उंचीवर चारही भिंतींवरून सलग पट्टा फिरवावा, त्रिकोणी भिंतीच्या जागी लाकडी किंवा पत्र्याचा हलका पडदा घ्यावा आणि वर पुन्हा कौलंच घालावीत.

शेजारच्या काकांचा बेत दिवाळीनंतर स्लॅब टाकायचा आहे. मी दोनदा विषय काढला. ते म्हणतात, "अरे, इतकी वर्षं उभं आहे." त्यांना चित्र नकोय, आकडा हवाय. मी पट्ट्याच्या सळ्या, रिंगा, सिमेंट, वाळू आणि मजुरी असा सगळा अंदाज काढायला घेतलाय, शेजारी स्लॅबचा खर्चही मांडतोय. हा कागद पूर्ण झाला की आईलाही बरोबर घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे. तिचं ते ऐकतात.